फुफाटा मागून येतो

जतच्या पूर्व भागातल्या शेडवरून बेदाणा भरायचा आणि तासगाव किंवा सांगलीच्या कोल्ड स्टोरेजला उतरवायचा, हे माझं उन्हाळ्यातलं मुख्य भाडं. बाकी वर्षभर पिकअप मिळेल तो माल ओढते. शाळांच्या वह्या, कापडाचे गठ्ठे, लग्नाचं सामान, पशुखाद्य असं काहीही. पण धुळीपासून माल कसा जपायचा ते मला बेदाण्यानंच शिकवलं, कारण इतका नाजूक माल दुसरा नाही.

साधारण चार किलो द्राक्षं सुकली की एक किलो बेदाणा हाती येतो. घड डिपिंगच्या द्रावणात बुडवायचे, जाळ्यांच्या थरांवर पसरायचे आणि बारा-पंधरा दिवस वाऱ्यावर सुकवायचे. एवढं करून तयार झालेला दाणा वरून कोरडा दिसतो, पण अंगात गोडवा असल्यानं चिकट असतो. त्याच्या सुरकुत्यांत एकदा माती बसली की पाखडून जात नाही. धुवायला घ्यावा तर पुन्हा सुकवणं आलं, आणि त्यात रंगही उतरतो. सौद्यात व्यापारी मूठभर माल तळहातावर घेतो, अंगठ्यानं चोळतो आणि अंगठा उजेडात धरून बघतो. अंगठ्यावर तांबूस माती दिसली की तिथंच दर खाली येतो. शेतकऱ्यानं वर्षभर बाग सांभाळायची, औषधं मारायची, अवकाळीच्या भीतीनं रात्री जागून काढायच्या आणि शेवटच्या वाटेत मालात माती घुसायची, हे मला पटत नाही. म्हणून या विषयात मी मन घातलं. माझ्या गाडीच्या हौद्यावर पत्र्याचं हूड आहे, मागे खाली फाळका आणि वर उचलायची झडप. अशी किंवा याच्या जवळपासची गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांच्या उपयोगाचं सांगतो.

१. फुफाटा समोरून येत नाही, मागून येतो.

बहुतेक जण धूळ अडवायला सुरुवात पुढून करतात. केबिनच्या मागची फट बुजवतात, हूडच्या पुढच्या कडेला सिलिकॉन मारतात. माल तरी मातीनं भरतोच. तासगावातल्या एका जुन्या बॉडीवाल्या मिस्त्रींनी मला एका वाक्यात सांगितलं होतं, “पुढनं काय येत न्हाई, मागनंच ओढून घेतीय गाडी.”

गाडी चालते तेव्हा ती हवा कापत पुढे जाते आणि तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. पिकअपचा मागचा भाग उभा आणि सपाट असल्यानं तिथं हवा गोल फिरत राहते. मागच्या चाकांनी उडवलेला फुफाटा नेमका याच भोवऱ्यात सापडतो आणि फाळक्याला चिकटून गाडीबरोबर पुढे येतो. दुसरीकडे हूडच्या बाजूच्या खिडक्या, जाळ्या, वरच्या फटी यांच्यावरून वारा वेगानं जातो आणि आतली हवा बाहेर खेचतो. आतली हवा कमी झाली की ती भरून काढायला जिथून वाट मिळेल तिथून हवा आत शिरते, आणि सगळ्यात मोठी वाट असते फाळक्याची. त्या हवेबरोबर माती येते. म्हणजे बाजूची खिडकी हवा खेळावी म्हणून उघडी ठेवली की माती मागून जास्त येते. हे ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा. खिडक्या बंद करून एक खेप मारा, उघड्या ठेवून एक मारा आणि दोन्ही वेळा हौद्याच्या तळावर बोट फिरवा.

२. आधी भोकं शोधा, मग रबर आणायला जा.

दुकानात जाऊन पंधरा मीटर पट्टी आणायची आणि दिसेल तिथं चिकटवायची, यात पैसे जातात आणि माती येतच राहते. आधी गाडीला विचारा. कोरड्या पाणंदीतून एक फेरी मारून आलात की हौदा झाडू नका, नुसता बघा. माती जिथून शिरते तिथं तिची शेपूट पडलेली असते. फटीपाशी थर जाड, पुढे पातळ होत गेलेला. आतल्या रंगावर ते पंखे स्पष्ट दिसतात. खडूनं खूण करून ठेवा.

रात्री अंधारात कुणाला तरी मोठी बॅटरी देऊन आत बसवा, बाहेरून दरवाजे लावा आणि गाडीभोवती फिरा. उजेड जिथून येईल तिथून माती येईल. खालूनही बघा, कारण तळाच्या पत्र्याची बरीच भोकं फक्त खालून दिसतात. जुन्या बोल्टची भोकं, पाणी जायला ठेवलेली भोकं, दोन पत्र्यांचे सांधे. मागच्या चाकाच्या बरोबर वर असलेलं बोटाएवढं भोकसुद्धा पूर्ण हौदा माखवतं, कारण चाक त्यावर सरळ माती मारत असतं.

आणि सगळ्यात चांगला उपाय आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइलचा दिवा आणि कॅमेरा चालू करून तो हौद्यात पुढच्या बाजूला, फाळक्याकडे तोंड करून घट्ट बांधा आणि दोन किलोमीटर जा. पहिल्यांदा तो व्हिडिओ बघितला तेव्हा मी थक्क झालो. मला वाटायचं, माती हळूहळू झिरपत असेल. प्रत्यक्षात गाडी खड्ड्यात गेली की फाळका क्षणभर हलतो, डाव्या खालच्या कोपऱ्यातून धुराची तार निघावी तशी माती आत उसळते आणि छताला लागून पुढे येते. दर खड्ड्याला तेच. दोष रबरात नव्हता, फाळक्याची डावी कडी सैल होती.

३. म्हणून रबराआधी कडी-बिजागरी.

फाळका हलत असेल तर जगातलं कुठलंही रबर उपयोगाचं नाही. बिजागरीची पिन झिजलेली असली तर बदला. कडी अशी हवी की लावताना थोडा जोर लागला पाहिजे आणि फाळका रबरावर दाबला गेला पाहिजे. मापायची रीत सोपी आहे. वहीच्या कागदाची पट्टी फटीत ठेवा, फाळका लावा आणि पट्टी ओढा. अडकत अडकत आली तर ठीक. सहज सरकली तर तिथं दाब नाही. चारही कडांनी, हातभर अंतरावर, ही तपासणी करा. बहुतेक गाड्यांत मधल्या भागात कागद सहज निघतो, कारण कड्या दोन टोकांना असतात आणि पत्रा मधे फुगतो. मधे एक जास्तीची कडी बसवली की हे काम मिटतं.

४. खालची कड सगळ्यात वाईट.

फाळका खाली पडतो तिथं बिजागरीसाठी फट ठेवावीच लागते. तिथं चिकटवलेली पट्टी माल चढवताना पायानं, क्रेटच्या कोपऱ्यानं फाटते. इथं मी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वीतभर रुंद पट्टा वापरतो. पट्ट्याची एक कड हौद्याच्या तळावर, फाळक्यापासून थोडी आत, वरून लोखंडी पट्टी ठेवून बोल्टनं आवळायची. दुसरी कड मोकळी. फाळका लावला की ती मोकळी कड त्याच्या आतल्या अंगाला वर वळून टेकते. उघडला की फटीवर पसरते, त्यामुळे झाडताना खडे आणि दाणे फटीत जात नाहीत. ट्यूब आधी साबणानं दोनदा धुऊन उन्हात वास जाईपर्यंत ठेवा. खाण्याच्या मालाला रबराचा वास लागतो.

५. रबर कुठलं.

फोमची स्वस्त पट्टी एक उन्हाळा धड काढत नाही. दबते आणि दबलेलीच राहते. आतून पोकळ असलेलं ईपीडीएम रबर घ्या, मोटारीच्या दरवाजांना असतं ते. ऊन सोसतं आणि दाबून सोडलं की पुन्हा फुगतं. चिकटवण्याआधी पत्रा थिनरनं पुसून पूर्ण वाळू द्या. कोपऱ्यात रबर कापू नका, वळवून घ्या, कारण कापलेला कोपरा लवकरच तोंड उघडतो. तळाचे सांधे आणि भोकं पी.यू. सीलंटनं भरा. कडक होणारी पुट्टी खड्ड्यांच्या हादऱ्यानं तडकते. पाणी जाण्याची भोकं मात्र कायमची बुजवू नका. त्यांना रबरी बुचं बसवा आणि पावसाळ्यात काढा, नाहीतर तळाचा पत्रा आतून कुजतो.

रबराला ग्रीस लावणारे पाहिलेत. लावू नका. ग्रीस माती धरून ठेवतं आणि ती माती रबर घासून खाते. कोरड्या फडक्यानं पुसणं पुरेसं आहे, आणि ते प्रत्येक वेळी दरवाजा लावण्याआधी करायचं. रबरावर अडकलेला एक खडा दोन्ही बाजूंना चार बोटं फट ठेवतो.

६. नुसतं बुजवून भागत नाही. हवा आत घ्या, पण पुढून, वरून आणि गाळून.

माझ्या मते या सगळ्या लेखातली ही कामाची गोष्ट आहे. गाडी पूर्ण हवाबंद कधीच होत नाही. कितीही रबर लावा, पत्रा पिळवटतो आणि कुठंतरी केसाएवढी फट राहते. आणि समजा हवाबंद झालीच, तरी मार्च-एप्रिलच्या उन्हात बंद पत्र्याच्या आत बेदाणा भाजतो. हिरव्या मालाचा रंग उष्णतेनं तांबूस पडतो, आणि हिरव्या रंगावरच तर दर असतो. तेव्हा हवा हवीच. ती कुठून आत घ्यायची, एवढाच प्रश्न.

हूडच्या पुढच्या भिंतीत, केबिनच्या छताच्या वर येईल अशा उंचीवर, गाडीच्या चालण्याच्या दिशेनं तोंड असलेली एक खिडकी ठेवा. तिथं आपल्या चाकांचा फुफाटा पोहोचत नाही, आणि गाडी चालली की वारा आपोआप आत ढकलला जातो. खिडकीत एअर फिल्टरचा धुता येणारा फोम दोन थरांत चौकटीत बसवा. चौकट अशी हवी की हातानं निघावी. आत ढकललेली हवा बाहेर जायला वाट शोधते आणि फाळक्याच्या उरलेल्या फटींतून बाहेर पडते. हवा बाहेर जाते आहे तिथून माती आत येत नाही.

हे जमलं की नाही ते बघायला फाळक्याच्या आतल्या कडेला पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीची चिंधी चिकटवा आणि पुन्हा मोबाइल बांधा. चिंधी फटीकडे ओढली गेली तर हवा बाहेर जाते आहे, काम झालं. आतल्या बाजूला फडफडली तर खिडकी लहान आहे, फोम मातीनं भरला आहे किंवा बाजूला कुठं मोठी फट उरली आहे. फोम रोज झटका, आठवड्यातून एकदा धुवा आणि वाळल्याशिवाय लावू नका. आतून एक सरकतं झाकण हवंच. पुढे उसाचा ट्रॅक्टर किंवा खडीचा डंपर लागला, पाऊस आला, गाडी उभी राहिली की ते बंद करायचं.

हूडच्या उंचीत किंवा बॉडीत फरक पडेल असा मोठा बदल करायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. पासिंगच्या वेळी वाद नको.

७. ताडपत्रीवाल्यांनी.

कमानीवर ताडपत्री असेल तर तिचा फडफडाट आधी थांबवा. फडफडणारी ताडपत्री भात्याचं काम करते, दर झटक्याला माती आत ओढते. दोरी जास्त ठिकाणी बांधा आणि मधे रबरी पट्टे घ्या. मागचा पडदा फाळक्याच्या आतून नको, बाहेरून खाली सोडा आणि तळाशी घट्ट ओढा. दोन तुकडे असतील तर पुढचा तुकडा मागच्यावर आला पाहिजे. इतकं करूनही ताडपत्रीत बेदाणा न्यायला मी तयार नसतो. पशुखाद्य, कांदा खुशाल न्या.

८. बंद हौद्यात माणूस बसवू नका.

हे ठळक सांगतो. ज्या ओढीनं माती मागून आत येते त्याच ओढीनं सायलेन्सरचा धूरही आत येतो. माती दिसते, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. शेडवरचे मजूर, बायाबापड्या, पोरं “एवढंच तर जायचं आहे” म्हणून मालाबरोबर आत बसतात आणि आपण नको म्हणत नाही. मालवाहू हौद्यात माणसं बसवायला कायद्यानं बंदी आहेच, पण पोलिसांच्या भीतीनं नव्हे, जिवाच्या भीतीनं नाही म्हणा.

९. माल स्वतःच झाकलेला असावा.

गाडी कितीही चांगली असली तरी दुसरी तटबंदी हवी. शेडवरून सुटा माल क्रेटमध्ये येतो. क्रेटला जाळीची भोकं असतात, त्यामुळे आत जाड पॉलिथिनची पिशवी घालून तोंड बांधायला सांगा. मालकाला आधीच फोन करून सांगा, कारण भरताना सांगितलं की घाईत कुणी करत नाही. क्रेट फाळक्याला चिकटवू नका. वीतभर जागा सोडा, म्हणजे शिरलेली माती मोकळ्या जागेत तळावर बसते. काही जण मागच्या बाजूला ओलं गोणपाट टांगतात. धूळ त्याला चिकटते हे खरं, पण बेदाण्याला ओल वैरी आहे. फरशी, भांडी, मशिनरी असेल तर जरूर टांगा.

१०. चालवणं.

वेग वाढला की धुरळा वाढतो आणि मागची ओढही वाढते. कच्च्या रस्त्यावर सावकाश. पुढच्या गाडीचा फुफाटा खात जाण्यापेक्षा पाच मिनिटं झाडाखाली थांबा. वारा आडवा असेल तर धूळ बाजूला जाते आणि थोड्या अंतरानं भागतं. वारा पडलेला असेल तर ती रस्त्यावरच लटकते, मग अंतर दुप्पट ठेवा.

११. पोचल्यावर लगेच फाळका उघडू नका.

गाडी थांबते, पण मागून येणारा आपलाच फुफाटा थांबत नाही. तो पुढे येऊन गाडीवर बसतो. त्याच वेळी हमाल फाळका उघडतात आणि वाटभर जपलेला माल अंगणात माखतो. दोन-तीन मिनिटं थांबा. मग ओलं फडकं घ्या आणि झडपेची वरची कड, मग बाजूच्या कडा, शेवटी फाळक्याचा माथा पुसा. या कडांवर बोटभर थर साचलेला असतो आणि झडप उचलली की तो सरळ वरच्या क्रेटवर ओघळतो. हमालांना घाई असते, त्यांना हात जोडून सांगा. पुसलेलं फडकं एकदा दाखवलं की पुढच्या वेळी ते स्वतःहून थांबतात, हा माझा अनुभव आहे.

रिकामी गाडी परत आणताना फाळका उघडा टाकून येणारे पुष्कळ आहेत. येतानाची माती जातानाच्या मालावर बसते. रिकामी असली तरी सगळं बंद. हौदा झाडूनं झाडला की माती उडते आणि पुन्हा बसते. पंपावर हवा मारून घ्यायची असेल तर पुढून मागे मारा आणि शेवटी ओल्या फडक्यानं तळ पुसून वाळू द्या.

१२. आपल्या चाकांची माती.

माझा माल स्वच्छ पोचू लागला तेव्हा एका शेडमालकानं मला बाजूला नेऊन त्याच्या शेडची रस्त्याकडची जाळी दाखवली. आतल्या बाजूच्या रांगांतला माल हिरवागार होता आणि रस्त्याकडच्या रांगांवर करडी साय धरलेली. बेदाण्याच्या शेडला भिंती नसतात, वाऱ्यानंच तो सुकतो. बाजूला शेडनेट लावलं तरी बारीक फुफाटा त्यातून जातो. “तुमच्या गाडीत काय जात न्हाई ओ, पर तुमच्या गाडीचं आमच्यात येतंय की,” असं तो म्हणाला. त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. वाटेतला प्रत्येक पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर अशा कितीतरी शेडांवरून जातो, आणि त्या जाळ्यांवर कुणाचं तरी वर्ष पसरलेलं असतं.

शेडमालकांना विनंती, हंगामात शेडसमोरच्या शे-दोनशे फुटांवर रोज एक टँकर पाणी मारा. तेवढ्या पाण्यात तुमचा आणि शेजाऱ्याचा रंग राखला जाईल. आणि गाडीवाल्या भावांनो, फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत कच्च्या रस्त्यावर बेदाण्याचं शेड दिसलं की दुसऱ्या गिअरला या आणि शेड पूर्ण मागे पडेपर्यंत तिथंच राहा.